पॅनल मोकळं ठेवा, लाकडी झडप कोकणातही टिकते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत आलेला स्वयंपाकघराच्या मांडणीवरचा लेख वाचला. ओट्याची उंची, खिडकीची जागा, सिंकखाली खेळती हवा हवी, हे सगळं त्यात चांगलं मांडलंय. पण शेवटी कोकणातल्या लोकांना जो सल्ला दिलाय, त्याला उत्तर दिल्याशिवाय मला राहवत नाही. आपल्याकडच्या दमट हवेत कपाटांच्या अस्सल लाकडाच्या झडपा फुगतात, पावसाळ्यात लागत नाहीत, थंडीत तडकतात, म्हणून किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी लाकडाच्या वाटेला जाऊ नये आणि कारखान्यातून तयार शटर, म्हणजे बोर्डाच्या झडपा, आणून बसवावीत, असं लेखात म्हटलंय. हा सल्ला चुकीचा आहे. तो वाचून लोक परसातला साग विकून लाकडाचा भुसा दाबून केलेला पार्टिकल बोर्ड विकत आणतील, याचं मला फार वाईट वाटतं.

मी चिपळूण तालुक्यातला सुतार. आजोबा, वडील आणि आता मी, आमच्या घरात हेच काम. माझ्याकडे राउटर, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या धारेने लाकडाला खाच आणि आकार देणारं यंत्र, बसवलेलं टेबल आहे आणि त्यावर उठावाच्या पॅनलच्या झडपा बनतात. चार पट्ट्यांची चौकट, तिच्यात मधोमध फळी, हेच पॅनल, फळीचा मधला भाग उचललेला, चारी काठांना उतार आणि त्या उताराची पातळ कड चौकटीच्या खाचेत शिरलेली. जुन्या घरांच्या माजघरात, देवघरात अशी दारं अजून दिसतात. एवढ्या पिढ्यांचे पाऊस काढून ती अजून उघडतात आणि लागतात. लेख लिहिण्याआधी अशा एखाद्या दाराला हात लावून पाहिला असता, तर बरं झालं असतं.

लाकूड हलतं, एवढं लेखकाचं म्हणणं खरं आहे. वाळलेलं, पॉलिश केलेलं, शंभर वर्षांचं जुनं लाकूडसुद्धा हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. पण ते कुठल्या दिशेने हलतं, ते पाहायला हवं. लांबीत ते जवळजवळ हलतच नाही. हलतं ते रुंदीत, आणि तेही फळी ओंडक्यातून कशी कापलीय त्यावर कमी-जास्त. ओल्या सागाची फळी पूर्ण कोरडी होईपर्यंत वर्षावलयांच्या दिशेने सुमारे 5.8 टक्के आकसते, तर गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने सुमारे 2.5 टक्के. म्हणजे निम्म्याहून कमी. आषाढ आणि माघ यांच्यामध्ये घरातल्या लाकडाचा ओलावा चार-पाच टक्क्यांनी बदलला असं धरलं, तर साध्या कापाची, म्हणजे रुंदी वर्षावलयांच्या दिशेने असलेली, फूटभर रुंद फळी साधारण एक सूत फुगते आणि तेवढीच आकसते. ज्यांना सूत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरच्या थोडं वर.

आता सोळा इंच रुंदीची झडप सलग फळीची केली, तर ती पावसात सव्वा सुताच्या पुढे फुगणार आणि शेजारच्या झडपेत घुसणार. लेखकाने पाहिलेली अडकणारी झडप बहुधा अशी असेल. पण चौकटीच्या झडपेत रुंदीत हलणारं लाकूड किती? दोन उभ्या पट्ट्या, प्रत्येकी सव्वादोन इंच, मिळून साडेचार. तेवढं लाकूड सुताचा तिसरा हिस्सा हलतं. दोन झडपांमधल्या नेहमीच्या फटीत ते सहज मावतं. आडव्या पट्ट्या लांबीत आहेत, त्या हलत नाहीत. आणि मधली रुंद फळी खाचेच्या आत, चौकटीला कळूही न देता फुगते आणि आकसते. झडपेचं बाहेरचं माप जिथल्या तिथे राहतं. ही रचना मुळात ओल्या-कोरड्या हवेवरचा उपाय म्हणून आलेली आहे. तिचं देखणेपण नंतरचं. तीच दमट हवेत चालत नाही असं म्हणणं म्हणजे तिची मूळ गोष्टच नजरेआड करणं आहे.

मग लोकांच्या झडपा तडकतात कशा? तडकतात, हे मीही पाहिलंय. गुहागरच्या बाजूला एका घरी मला बोलावणं आलं होतं. नवीन कपाट, साग उत्तम, पॉलिश आरशासारखं लखलखीत, आणि थंडी पडल्यावर एका झडपेच्या फळीला वरपासून खालपर्यंत भेग. मालकीणबाई म्हणाल्या, "मेस्त्री, लाकूडच खोटं दिलं हो आम्हाला." मी झडप उतरवली, मागून खाच पाहिली. खाचेत चारी बाजूंनी गोंद भरलेला आणि वर भरवशासाठी प्रत्येक कोपऱ्यात चुका, म्हणजे बारीक खिळे, मारलेल्या. फळी आकसायला निघाली आणि दोन्ही काठ धरून ठेवलेले. मग ती मध्ये फाटणार नाही तर काय करणार? लाकडात काही खोट नव्हती. ज्याने बनवली त्याने मन लावून, जास्तीची मेहनत घेऊन बनवली होती, फक्त फळी मोकळी ठेवायची असते हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. गोंद लावायचा तो चौकटीच्या चार सांध्यांना. फळीला एक थेंबही नाही. फार तर मागून वरच्या आणि खालच्या पट्टीच्या बरोबर मध्यावर एकेक बारीक चूक मारावी, म्हणजे फळी मधोमध राहते आणि दोन्ही बाजूंना सारखी हलते.

कोकणात यात आणखी एक अडचण आहे आणि ती आपल्या कामाच्या हंगामाची आहे. चाकरमान्यांचा फोन जूनमध्ये येतो. "मेस्त्री, गणपतीला घर तयार पाहिजे." म्हणजे झडपा बनतात आषाढ-श्रावणात, वर्षातल्या सगळ्यात ओल्या दिवसांत. तेव्हा फळी फुगलेलीच असते. ती खाचेत किती सैल ठेवायची हे महिन्यावर ठरतं. सोळा इंची झडपेचं उदाहरण घेऊ. दोन उभ्या पट्ट्या वजा केल्या की साडेअकरा इंच उरतात. आडव्या पट्टीला दोन्ही टोकांना तीन-तीन सूत खाचेत शिरायला लागतात, म्हणून ती सव्वाबारा इंच कापायची. खाचेच्या तळापासून तळापर्यंतचं मापही तेच. श्रावणात मी फळी त्याहून अर्धा सूत कमी ठेवतो, कारण ती पुढे आकसणारच आहे. तीच झडप माघात बनवली तर दीड सूत कमी ठेवतो, कारण पावसात तिला फुगायला जागा हवी. माघात घट्ट बसवलेली फळी आषाढात चौकटीचे सांधे उघडते. एवढा एक हिशेब सांभाळला की ऋतू बदलला तरी झडपेचं काही बिघडत नाही. उंचीच्या दिशेने, म्हणजे रेषांच्या दिशेने, अर्धा सूत पुरे.

वडील हे सगळं हाताने करायचे. खाच पाडायचा रंधा वेगळा, गलत्याचा, म्हणजे काठाच्या नक्षीचा, वेगळा, फळीचा उतार साध्या रंध्याने डोळ्यांच्या अंदाजावर. एका कपाटाच्या झडपांत महिना निघून जायचा. आज तेवढा वेळ कोणी देत नाही आणि तेवढी मजुरीही कोणी देत नाही, म्हणून तर शटरवाल्यांचं फावलं. राउटरने हे काम पुन्हा आवाक्यात आणलं आहे. तरुण सुतारांनी हे वाचावं म्हणून थोडं सविस्तर लिहितो. जागेची अडचण झाली तर संपादकांनी हवं ते कापावं, पण वेगाबद्दलचा भाग कृपया ठेवावा.

राउटर टेबलाखाली उलटा बसतो, वर फक्त बिट, म्हणजे त्याचं फिरतं पातं, येतं. चौकटीसाठी जोडीची दोन बिटं मिळतात. एक पट्टीच्या आतल्या काठाला एकाच वेळी गलता आणि दोन सुती खाच पाडतं. दुसरं आडव्या पट्टीच्या टोकाला त्याच आकाराची उलटी छाप पाडतं, म्हणजे टोक उभ्या पट्टीत जाऊन नेमकं बसतं. सगळं लाकूड एकाच वेळी, एकाच मापावर रंधून घ्यायचं आणि त्याच मापाचे दोन-चार तुकडे चाचणीला बाजूला ठेवायचे. जाडीत केसाएवढा फरक राहिला तरी तो सांध्यात दिसतो. टोकं आधी कापायची, काठ नंतर. टोक कापताना मागच्या कडेला रेषे उचकटतात आणि पुढचा काप तो उचकटलेला भाग काढून टाकतो. अरुंद पट्टीचं टोक नुसत्या हाताने धरून बिटावर न्यायचं नाही. मागे चौकोनी ठोकळा किंवा सरकती गाडी हवीच. चाचणीचे दोन तुकडे जोडून सांध्यावरून नख फिरवायचं. नख अडलं तर दोन्ही बिटांची उंची जुळलेली नाही. डोळ्याला जे दिसत नाही ते नखाला कळतं. नख सरळ निघेपर्यंत बिट वर-खाली करत राहायचं, मगच खऱ्या लाकडाला हात लावायचा.

फळीचं बिट मोठं असतं, साडेतीन इंच व्यासापर्यंत. इथे माझ्या व्यवसायबंधूंना हात जोडून सांगतो. साधं अर्ध्या इंची बिट मिनिटाला 22,000 फेऱ्यांनी फिरलं, तर त्याच्या धारेचा वेग ताशी 53 किलोमीटरच्या आसपास असतो. साडेतीन इंची बिट तेवढ्याच फेऱ्यांवर लावलं, तर धार ताशी 370 किलोमीटरच्या जवळ जाते. राउटर तोच, बटण तेच, आवाजही सुरुवातीला तसाच वाटतो, पण समोर जे फिरतंय ते सातपट वेगाचं आहे. म्हणून हे बिट 10,000 ते 12,000 फेऱ्यांच्या वर न्यायचं नाही. वेग कमी करायची सोय ज्या राउटरला नाही, त्याला ते लावायचंच नाही. बिटाचा दांडा अर्ध्या इंचाचाच हवा, पाव इंची नको. राउटर हातात धरून हे बिट चालवायचं नाही, कितीही अनुभव असला तरी नाही. फळी उजवीकडून डावीकडे, बिटाच्या फिरण्याच्या विरुद्ध न्यायची. फेन्स, म्हणजे लाकूड टेकवून सरकवायची सरळ पट्टी, आणि बिट यांच्या मधल्या फटीतून फळी कधीही घालायची नाही, बिट ती ओढून फेकतं आणि हात मागोमाग जातो. बिट बदलताना नुसतं बटण बंद करून चालत नाही, प्लगमधून पिन काढायची. ज्यांच्याकडे लहान राउटर आहे त्यांनी उभं बिट घ्यावं. त्याचा व्यास दीड इंचाच्या आत असतो, फळी उंच फेन्सला टेकवून उभी चालवायची. काम जरा सावकाश होतं, पण धोका बराच कमी.

उतार एका दमात काढायचा नाही. तीन-चार वेळा बिट थोडं थोडं वर घेत काढायचा आणि शेवटचा काप नखभरही नको, नुसता साफ करण्यापुरता. प्रत्येक वेळी आधी आडव्या रेषांची टोकं, मग लांब काठ, कारण इथेही टोकाला उचकटलेलं पुढच्या कापात निघून जातं. मध्ये थांबायचं नाही, थांबलं की लाकूड जळून काळा डाग पडतो आणि तो पॉलिश पेपरने घासताना जीव जातो. चौकट सहा सुती असेल तर फळी पाच सुती ठेवली की समोरून दोन्ही एका पातळीत येतात. कड बरोबर झाली की नाही हे पाहायला चौकटीच्याच पट्टीचा खाच पाडलेला तुकडा घ्यायचा आणि फळीच्या चारी काठांवरून फिरवायचा. तो दोन बोटांनी सरकला पाहिजे. हातोडी लागली तर कड जाड आहे. खुळखुळला तर पातळ झाली, मग वारा आला की फळी वाजते.

जोडण्याआधी फळीला पॉलिश करून घ्यावं, पुढून, मागून आणि खाचेत जाणाऱ्या कडेलाही. ही गोष्ट घाईत राहून जाते. मग श्रावणात बनवलेली झडप माघात आकसते आणि खाचेतून कोऱ्या लाकडाची पांढरी रेघ बाहेर डोकावते. मागची बाजू कोणाला दिसत नाही म्हणून कोरी ठेवली, तर ती बाजू जास्त ओलावा पिते आणि फळीला पोक येतं. गोंद पाणी सोसणारा घ्यावा. क्लॅम्प लावल्यावर दोन्ही कर्ण मोजावेत, काटकोन पाहायच्या गुण्यावर विसंबून राहू नये. बिजागऱ्या आणि स्क्रू खाऱ्या हवेला टिकणारे घ्यावेत. चांगल्या झडपेवर स्वस्त लोखंडी बिजागरी बसवली की दोन पावसांत गंजाचा ओघळ खाली येतो आणि नाव लाकडाचं खराब होतं.

आता शटरचं बघू. 22 जुलै 2021 च्या पुरात चिपळुणात काय झालं ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. वाशिष्ठीचं पाणी ओसरल्यावर आम्ही सुतार घरोघरी जात होतो. पार्टिकल बोर्डाच्या ट्रॉल्या आणि झडपा भिजवलेल्या पोह्यांसारख्या हातात येत होत्या. बिजागरी ओढली की स्क्रूसकट भुगा निघायचा. चिखलाबरोबर फावड्याने भरून ते सगळं रस्त्यावर टाकावं लागलं. एमडीएफवर, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या बोर्डावर, प्लास्टिकचं पातळ मेंब्रेन चढवलेल्या झडपांचा पापुद्रा सुटून आतला बोर्ड फुगला होता. त्याच घरांतल्या सागाच्या चौकटीच्या झडपा आम्ही उतरवल्या, चिखल धुतला, सावलीत आडव्या रचून, मध्ये काठ्या घालून वाळत ठेवल्या. सगळ्या वाचल्या असं मी म्हणणार नाही. काहींच्या उभ्या पट्ट्या वाकल्या, त्या गेल्या. पण बहुतेक झडपा घासून, पुन्हा पॉलिश करून परत त्याच कपाटांना लागल्या. ज्यांचं दुकान, घर, सामान सगळं एका रात्रीत गेलं होतं, त्यांच्यासाठी स्वयंपाकघराच्या झडपा पुन्हा विकत घ्याव्या न लागणं ही लहान गोष्ट नव्हती. एका आजींनी धुतलेली झडप पाहून नुसता हात फिरवला आणि म्हणाल्या, "ही माझ्या सासऱ्यांच्या वेळच्या सागाची." त्या पुढे बरंच बोलल्या, ते इथे लिहीत नाही.

लाकूड कुठून आणायचं असं विचारतात. सागच हवा असं काही नाही. शिवण वजनाला हलकी, कामाला मऊ आणि एकदा नीट वाळली की फार कमी हलते. उठावाच्या पॅनलसाठी माझी पहिली पसंती तिलाच. फणस ताजा कापलेला पिवळाजर्द असतो आणि वर्षागणिक तांबूस तपकिरी होत जातो, ते रूप फार सुंदर. मात्र त्याचे रेषे कधीकधी उलटसुलट असतात, तिथे बिट हळू न्यावं लागतं, नाहीतर टवके उडतात. ऐन मजबूत, पण जड आणि कडक, तो मी चौकटींना वापरतो, पॅनलला नाही. आंब्याला कीड लवकर लागते, प्रक्रिया केल्याशिवाय घेऊ नये. सागात वाळूसारखा अंश असतो, त्याने धार लवकर बोथट होते, म्हणून बिट कार्बाइडचंच घ्यावं. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात दापोली, मंडणगड, श्रीवर्धन भागात किती झाडं आडवी झाली. त्यातला बराच चांगला फणस आणि साग जळणाच्या भावात गेला, याची मला आजही हळहळ वाटते. फळ्या पाडून, टोकांना रंग फासून, सावलीत रचून ठेवल्या असत्या, तर जाडीच्या इंचाला वाळायला एक वर्ष या हिशेबाने आत्तापर्यंत त्यांच्या झडपा होऊन कपाटांना लागल्या असत्या.

लेखकाच्या एका मुद्द्याला मात्र माझी पूर्ण मान्यता आहे. ओट्याखालचा सांगाडा, विशेषतः सिंकखालचा, अस्सल लाकडाचा करू नये. तिथे पाणी सोसणारा, आयएस 710 शिक्क्याचा मरीन प्लाय घ्यावा, मी स्वतः तेच वापरतो. अठरा इंचांपेक्षा रुंद झडप असेल तर एकच फळी न घालता मध्ये उभी पट्टी देऊन दोन फळ्या कराव्यात. आणि ज्याला पांढऱ्या रंगाच्याच झडपा हव्यात, त्याने उगाच साग घालून त्यावर रंग फासू नये. कोरड्या खोलीतल्या कपाटाला चौकट लाकडाची आणि पॅनल एमडीएफचं केलं तरी चालतं.

माझं खरं मागणं पुढेच आहे. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय घेतलेत, त्यांत सुतार आहे. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आणि 5 टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाखांपर्यंत कर्ज, अशी तरतूद आहे. योजना चांगली आहे. पण आमच्या मुलांना या पैशातून काय घ्यायचं आणि घेतल्यावर त्याचं काय करायचं, हे कोण शिकवणार? हातात ट्रिमर, म्हणजे हातात धरायचा छोटा राउटर, आला की मुलं सनमायकाच्या कडा मारायला लागतात आणि तिथेच थांबतात. कडा मारणाऱ्याला रोजंदारी मिळते, झडप बनवणाऱ्याला गिऱ्हाईक मिळतं. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या प्रशिक्षण केंद्रांत आणि आयटीआयमध्ये प्रत्येक ठिकाणी एक राउटर टेबल, वेग कमी-जास्त करता येणारा, अर्ध्या इंची दांड्याचं बिट घेणारा राउटर आणि लाकडाचा ओलावा मोजायचं लहान यंत्र असावं. शिकणाऱ्या प्रत्येकाने केंद्रातून बाहेर पडण्याआधी पूर्ण मापाची एक उठावाची झडप स्वतः बनवावी. शक्य असेल तर एक तुकडी पावसाळ्यात आणि एक थंडीत घ्यावी, म्हणजे फळी किती सैल ठेवायची हे मुलांच्या हाताला कळेल. भुसा ओढून घेणाऱ्या पंख्याचीही सोय हवी. लाकडाच्या बारीक धुळीने कर्करोग होऊ शकतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केलेलं आहे आणि आमच्या कारखान्यांत मुलं तोंडाला रुमालही न बांधता दिवसभर उभी असतात. आपले वार्ताहर दोन्ही जिल्ह्यांत आहेत. केंद्रांमध्ये आज प्रत्यक्षात काय शिकवलं जातं, यावर त्यांनी एक पाहणी करून लिहावं, ही विनंती.

तोपर्यंत कोणाला हे काम शिकायचं असेल तर दिवाळीनंतर माझ्याकडे यावं, पैसे लागणार नाहीत. पत्ता संपादकांकडे दिला आहे. येताना अंगात घट्ट बाह्यांचा शर्ट आणि पायात बूट असावेत. हातमोजे आणू नयेत, फिरत्या बिटाजवळ ते हात आत ओढतात. चश्मा आणि कानाला लावायचे बोळे मी देईन.

आपला,
एक सुतार वाचक
ता. चिपळूण, जि. रत्नागिरी